सोळाशे मीटर पाणी आणि हातभर मासा

उत्तर अमेरिकेतल्या लेक सुपिरियरचं सगळं पाणी उपसून एकट्या धाराशिव जिल्ह्यावर ओतलं आणि ते सीमेबाहेर जाऊ दिलं नाही, तर पाण्याचा थर १,६०० मीटर उंच होईल. कळसूबाईची समुद्रसपाटीपासूनची उंची १,६४६ मीटर. हिशोब सोपा आहे : सरोवरात पाणी १२,१०० घन किलोमीटर, जिल्ह्याचं क्षेत्रफळ ७,५६९ चौरस किलोमीटर. आपल्याकडे वर्षाला साधारण साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो असं धरलं, तर जिल्ह्यावर एवढं पाणी पडायला एकवीसशे वर्षं लागतील. म्हणजे जिल्ह्यातल्याच तेरचं नाव तगर होतं, तिथून सातवाहनांच्या काळात माल बाहेर जात होता, तेव्हापासूनचा एक थेंबही वाया जाऊ द्यायचा नाही.

दुसरं माप आपल्या भागाला जास्त कळेल. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे सुरू झाली. ती पन्नास वाघिणींची झाली तेव्हा एका खेपेला पंचवीस लाख लिटर पाणी यायचं. सुपिरियर रिकामं करायला तशा ४८४ कोटी खेपा लागतील. रोज एक गाडी सोडली तरी एक कोटी बत्तीस लाख वर्षं. आणि आजचं हे सरोवर आहे जेमतेम दहा हजार वर्षांचं, बर्फाचे प्रचंड थर वितळून मागे सरकले तेव्हाचं.

हे आकडे मी मांडत बसलो त्याला कारण माझा भाचा. मुरूमचा पोरगा, पुण्यात इंजिनिअर होऊन आता डेट्रॉइटजवळ मोटारींच्या धंद्यात आहे. तिकडे मराठी माणसं इतकी, की बृहन्महाराष्ट्र मंडळाचं २०१७ चं अधिवेशन मिशिगनमध्येच, ग्रँड रॅपिड्सला भरलं होतं. फोनवर म्हणाला, "मामा, पहिल्यांदाच बास मासा धरायला जायलोय. तर मग सगळ्यात मोठ्या तळ्यावरच जाऊ की!" बेनितुराच्या डोहात मरळीसाठी गळ टाकून बसणारा मी. मला विचारलं ते बरं केलं, कारण मोठ्या तळ्यात मोठा मासा हे गणित माशाला मान्य नसतं.

सुपिरियर धरून पाचही ग्रेट लेक्सचं मिळून क्षेत्रफळ २,४४,००० चौरस किलोमीटर. महाराष्ट्र रुपया धरला तर ही सरोवरं जवळजवळ पावणेतेरा आणे. बेटं धरून किनारा सतरा हजार किलोमीटर. झाईपासून तेरेखोलपर्यंतचा आपला किनारा परंपरेनं ७२० किलोमीटर मोजतात. पण सुपिरियरची सरासरी खोली १४७ मीटर, जास्तीत जास्त ४०६. त्या थंडगार काळोखाशी बासला काही देणंघेणं नाही. सुपिरियरमध्ये तो सापडतो तो शेक्वामेगॉनसारख्या उथळ, लवकर तापणाऱ्या उपसागरात. बाकीच्या अफाट पाण्यात त्याच्यासाठी गळ टाकणं म्हणजे माळरानावर विहीर शोधणं.

म्हणून मी भाच्याला त्याच्या दारातलंच लेक सेंट क्लेअर सांगितलं. ते ग्रेट लेक्सच्या पंक्तीत बसत नाही. ह्युरॉन आणि एरी यांच्या मधला तो एक थांबा. क्षेत्रफळ १,११४ चौरस किलोमीटर. भरलेल्या उजनी धरणाचा फुगवटा साधारण साडेतीनशे चौरस किलोमीटरचा, म्हणजे सेंट क्लेअर तिप्पट पसरलेलं. पाणी मात्र साडेतीन ते चार घन किलोमीटर, आणि पूर्ण भरलेल्या उजनीत, ११७ टीएमसी म्हणजे ३.३ घन किलोमीटर. पसारा तिप्पट, पाणी जवळपास तेवढंच! कारण सरासरी खोली अकरा फूट. मालवाहू जहाजं जावीत म्हणून मधून सत्तावीस फुटांचा कालवा खोदून ठेवावा लागला आहे.

उजनीशी बरोबरी मात्र इथे संपते. सेंट क्लेअरमध्ये वरच्या नदीतून सरासरी एक लाख ऐंशी हजार क्युसेक पाणी येतं. उजनीतून एवढा विसर्ग सुटला की पंढरपुरात नदीकाठची वस्ती हलवायची धावपळ सुरू होते. तिथे तो बारमाही चालू असतो, कुणाला पत्ताही लागत नाही. आठ-नऊ दिवसांत अख्ख्या तळ्याचं पाणी बदलतं. आपल्याकडे मृतसाठ्याच्या बातम्या वाचत उन्हाळा काढणाऱ्या माणसाला हे ऐकून राग यावा की नवल वाटावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तर तळं ठरलं. पण अकराशे चौरस किलोमीटरमध्ये गळ टाकायचा कुठे? समजा एका फेकीत तीस मीटर दोरी जाते आणि दोन्ही बाजूंच्या एकेक मीटरमधला मासा आमिषाकडे बघतो. म्हणजे एका फेकीत साठ चौरस मीटर. पूर्ण तळं धुंडाळायला एक कोटी शहाऐंशी लाख फेकी. मिनिटाला एक, दिवसाचे दहा तास, एकही सुट्टी नाही : पंच्याऐंशी वर्षं. सुपिरियरला हाच हिशोब सव्वासहा हजार वर्षांवर जातो. तोवर मासा जागेवर थांबणार आहे थोडाच.

इथे मरळीचा अनुभव कामाला येतो. बास आणि मरळ नात्यानं लांबचे, पण स्वभाव बराच जुळतो. दोघंही दबा धरून बसणारे शिकारी. दोघांनाही आडोसा लागतो : गवताची कड, बुडालेलं लाकूड, दगडांची रास, उथळ संपून खोल सुरू होतं ती उतरण. दोघंही पिलांची राखण करतात. बासमध्ये ते काम नराचं. तो तळाशी खळगा करतो, मादी अंडी घालून निघून जाते आणि हा शेपटीनं वारा घालत पहारा देतो. ज्यानं डोहात मरळ कुठे बसते हे ओळखलं, त्याला सेंट क्लेअरच्या शंभरातले नव्वद भाग नकाशावरच खोडता येतात. भाच्याला सांगितलं, एक खाडी धर, अँकर बेसारखी, आणि दिवसभर तिथलीच गवताची कड सोडू नकोस.

त्या गवताची गोष्ट मात्र मोठी विलक्षण आहे. जून १९८८ मध्ये याच तळ्यात नखाएवढे, पट्टेरी झेब्रा शिंपले सापडले. मूळचे काळ्या समुद्राकडचे. जहाजांच्या तोल सांभाळायच्या पाण्यातून आले. एक शिंपला दिवसाला लिटरभर पाणी गाळू शकतो. चौरस मीटरला नुसते हजार शिंपले सगळ्या तळाला सारखे पसरलेत असं धरलं, तर रोज एक घन किलोमीटरहून जास्त पाणी गाळलं जाईल आणि तीन-चार दिवसांत सगळं तळं गाळून होईल. हा कागदावरचा हिशोब. शिंपले असे सारखे पसरत नाहीत. पण पाणी खरंच नितळ झालं, ऊन तळापर्यंत पोचलं आणि गवत माजलं. पाठोपाठ १९९० मध्ये सेंट क्लेअर नदीत राउंड गोबी नावाचा बोटभर मासा दिसला, तोही त्याच मुलुखातला. तो शिंपले खातो आणि बासची स्मॉलमाउथ ही जात त्याला खाते. शेजारच्या एरीमध्ये बास त्याच्यावर पोसून वजनदार झाले. नोव्हेंबर २०२२ मध्ये एरीच्या कॅनडाकडच्या पाण्यात १०.१५ पौंडांचा स्मॉलमाउथ निघाला आणि तिकडे केवढा गाजावाजा झाला!

किलोत सांगायचं तर ४.६. जागतिक विक्रम १९५५ चा, डेल हॉलो तलावातला, तो ५.४ किलोंचा. भिगवणच्या बाजारात असा कटला ठेवला तर गिऱ्हाईक भाव विचारून पुढे जाईल. एवढं पाणी, आणि मासा एवढासा. तरी २०२२ च्या सरकारी पाहणीनुसार अमेरिकेत जवळपास चार कोटी माणसांनी वर्षात एकदा तरी मासेमारी केली.

तारीख ठरवताना भाचा मे महिना धरून बसला होता. कायद्यानं चालतं, मिशिगनमध्ये बास धरून लगेच सोडायला वर्षभर मुभा आहे. पण मे-जूनमध्ये पाणी पंधरा-सोळा अंशांवर गेलं की नर घरट्यावर असतो. त्याला दोन मिनिटं फोटोसाठी वर काढलं की गोबी अंड्यांवर तुटून पडतात. मला ते पटत नाही. सेंट क्लेअरवर बास ठेवून घ्यायचा हंगाम जूनच्या तिसऱ्या शनिवारी उघडतो. त्यानंतर जा म्हटलं. मासा किमान चौदा इंच हवा, दिवसाला पाचच. तळ्याचा मोठा भाग कॅनडाच्या हद्दीत आहे, तिकडे गळ टाकायचा तर ओंटारिओचा वेगळा परवाना लागतो. आणि वारा वाढला तर नाव काढायचीच नाही. उथळ पाण्यात लाटा आखूड आणि उभ्या उठतात. एरीवर तर जोराचा नैऋत्य वारा सगळं पाणी बफेलोकडे ढकलतो आणि दोन टोकांच्या पातळीत दोन मीटरहून जास्त फरक पडतो.

ताईला यातलं काही ऐकायचं नव्हतं. तिनं एवढंच विचारलं, मासा खायला कसा लागतो? बास तिकडे बहुतेक जण सोडून देतात, आणि कुठल्या पाण्यातला कोणता मासा महिन्यातून किती वेळा खावा याची यादी मिशिगन सरकार काढतं, ती आधी बघायला हवी. कालवणच करायचं असेल तर भाच्यानं यलो पर्चच्या मागे लागावं. वीतभर असतो, पण पाच-सहा मिळाले तर भाकरीला पुरतात.