एकच बेसाल्ट, दोन प्रकारच्या जमिनी

महाराष्ट्रातील बहुतेक जमिनींचा मूळ खडक बेसाल्ट, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेला काळा पाषाण, हाच असला, तरी सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना त्यापासून घडलेल्या जमिनी पिकांना सारखे पोषण देत नाहीत. कारण अन्नद्रव्यांच्या साठ्याइतकेच ती धरून ठेवणाऱ्या खनिजांचे स्वरूपही महत्त्वाचे असते.

देशावरील कमी पावसात खडकातील कॅल्शियम व मॅग्नेशियम फारसे वाहून जात नाहीत आणि स्मेक्टाइट गटातील चिकणखनिजे तयार होतात. त्यांच्या स्फटिकथरांत काही ठिकाणी ॲल्युमिनियमची जागा मॅग्नेशियमने घेतलेली असल्याने कणांवर कायमचा ऋणभार राहतो. हा भार कॅल्शियम, पोटॅशियम, अमोनियम हे धनभारित आयन धरून ठेवतो, तर मुळे हायड्रोजन आयन सोडून त्यांच्या बदल्यात ते उचलतात. या देवघेवीच्या मापाला धन-आयन विनिमय क्षमता म्हणतात. स्मेक्टाइटमध्ये ती दर किलोग्रॅमला साधारण ८० ते १२० सेंटीमोल असते.

कोकणात मात्र मुसळधार पावसाने कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सिलिकाही धुऊन जातात, आणि केओलिनाइट व लोह-ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे उरून जांभ्याची आम्लधर्मी जमीन तयार होते. केओलिनाइटची विनिमय क्षमता जेमतेम ३ ते १५ सेंटीमोल असल्याने पालाश, म्हणजे पोटॅशियम, व अमोनियम निचऱ्याबरोबर सहज निघून जातात, तर ऑक्साइडांचे पृष्ठभाग स्फुरदाला, म्हणजे फॉस्फेटला, घट्ट जखडून टाकतात. म्हणून तेथे नत्र व पालाश हप्त्याहप्त्याने, आणि स्फुरद शेणखतासह मुळांजवळ देणे हिताचे ठरते.

देशावरील स्मेक्टाइटयुक्त काळी जमीनही निर्दोष नसते. चुनखडीमुळे तिचा सामू, म्हणजे आम्ल-विम्लता दाखवणारा निर्देशांक, ८ च्या पुढे गेला, की स्फुरद कॅल्शियमशी संयोग पावून अविद्राव्य होते, जस्ताची उपलब्धता घटते आणि जमिनीत भरपूर असलेले लोहही मुळांना मिळत नाही; मग उसाची कोवळी पाने शिरांमध्ये पिवळी-पांढरी पडतात, ज्याला शेतकरी केवडा म्हणतात. तेथे जमिनीत नुसते हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, टाकल्यास त्यातील लोहही लवकरच अविद्राव्य होते, म्हणून ते शेणखतात मुरवून देतात किंवा पानांवर फवारतात.

त्यामुळे माती परीक्षणाच्या अहवालात नत्र, स्फुरद व पालाशाच्या आकड्यांबरोबर सामू आणि चुनखडीचे प्रमाणही पाहिले, तरच खताची मात्रा, प्रकार आणि देण्याची पद्धत नेमकी ठरवता येते.