प्लग काय सांगतोय, बघा तरी!

लुना बंद पडली की आधी काय करायचे, बाबांना विचारा. प्लग काढून पुसायचे! नगरच्या कायनेटिकच्या कारखान्यात बनणारी ही टू-स्ट्रोक लुना पेट्रोलसोबत ऑइलही जाळायची, म्हणून प्लग काळाओला व्हायचा. सिलिंडर मात्र एकच, त्यामुळे ठिणगी वाटायची भानगड नव्हती.

प्रीमिअर पद्मिनीला सिलिंडर चार. तिथे कॉइल १२ व्होल्टचे हजारो व्होल्ट करते आणि डिस्ट्रिब्युटर (गॅरेजमधला ‘डेल्को’) ते १-३-४-२ अशा क्रमाने एकेका प्लगला पोचवतो. पावसात त्याच्या कॅपमध्ये ओल शिरली किंवा कॅपला बारीक तडा गेला, की करंट भलतीकडे पळतो आणि गाडी मिसिंग मारते. लोक मात्र नवे प्लग टाकून येतात. पैसे जातात, मिसिंग तसंच!

आजच्या गाड्यांत डेल्को नसतो. पण तुमच्या पेट्रोल बाइकला प्लग आहेच ना? इंजिन थंड झालं की काढून बघा. फिकट तपकिरी असेल तर सगळं ठीक. कोरडी काजळी दिसली तर पेट्रोल जास्त जातंय, नाहीतर एअर फिल्टर तुंबलाय. फोर-स्ट्रोकचा प्लग ऑइलने ओला असेल तर पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्ह सील गेलं असणार. तेव्हा नुसता प्लग बदललात, तर थोड्याच दिवसांत तोही तसाच निघेल.