निफ्टी फंडाच्या जुन्या किमतींचे वाचन

निर्देशांकाबरहुकूम समभाग बाळगणाऱ्या फंडाच्या, म्हणजेच इंडेक्स फंडाच्या, जुन्या किमती तपासणे हे वरकरणी फारच सोपे काम दिसते, कारण हाती येते ती केवळ तारखांची आणि आकड्यांची एक लांबलचक यादी असते. म्युच्युअल फंड कंपन्यांची संघटना असलेल्या ॲम्फीच्या संकेतस्थळावरून ही यादी कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येते. तीत प्रत्येक ओळ अर्धविरामांनी तोडलेली असते आणि योजनेचा क्रमांक, नाव, निव्वळ मालमत्ता मूल्य, पुनर्खरेदीची किंमत, विक्रीची किंमत व तारीख असे रकाने तीत आढळतात. अभ्यासकाला मुख्यतः हवे असते ते निव्वळ मालमत्ता मूल्य, ज्याला व्यवहारात एनएव्ही म्हणतात. पण तो आकडा कसा तयार होतो हे ठाऊक नसेल, तर पुढचे सारे गणित बिनचूक करूनही निष्कर्ष चुकू शकतो.

दुपारी साडेतीनला बाजार बंद होतो तेव्हा, राष्ट्रीय शेअर बाजाराच्या वर्षानुवर्षांच्या पद्धतीनुसार, समभागाची बंद किंमत म्हणून शेवटच्या सौद्याचा भाव न धरता शेवटच्या अर्ध्या तासातील सर्व सौद्यांची भारित सरासरी धरली जाते. या किमतींनी फंडाकडील समभागांचे मूल्य काढायचे, हाती असलेली रोकड मिळवायची, देणी आणि व्यवस्थापनखर्चाचा त्या दिवसापुरता वाटा वजा करायचा आणि उरलेल्या रकमेला एकूण युनिटांनी भागायचे, की एनएव्ही मिळते. याचा अर्थ असा की रकान्यातील प्रत्येक आकडा खर्च वजा झाल्यानंतरचा आहे आणि त्यातून पुन्हा खर्च कापणे ही दुहेरी वजावट होय. उलट, गुंतवणूकदाराने प्रत्यक्ष मोजलेली किंमत जुन्या नोंदींत एनएव्हीएवढीच असेल असे नाही, कारण १ ऑगस्ट २००९ पर्यंत युनिट खरेदीच्या वेळी प्रवेशशुल्क घेण्याची फंडांना मुभा होती. विक्रीच्या किमतीचा वेगळा रकाना ठेवण्याचे प्रयोजन तेव्हा खरेखुरे होते.

तारखांचा रकानाही लक्षपूर्वक पाहावा लागतो. शेअर बाजार मुंबईत असल्यामुळे १ मे रोजी, महाराष्ट्र दिनी, समभागांचे व्यवहार होत नाहीत आणि निफ्टी फंडाची नोंदही नसते. याउलट १२ नोव्हेंबर २०२३ हा रविवार असूनही लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळच्या मुहूर्ताच्या सौद्यांमुळे त्या दिवशी बाजार उघडला होता, आणि १ फेब्रुवारी २०२० हा अर्थसंकल्पाचा दिवस शनिवारी येऊनही व्यवहार झाले. त्यामुळे शनिवार-रविवार सरसकट गाळून टाकणारे सूत्र खऱ्या ओळीही गाळते. सुट्टीच्या दिवसाची किंमत हवी असल्यास लगतच्या आधीच्या व्यवहारदिवसाची घ्यायची, हा संकेत बहुतेक अभ्यासक पाळतात. रिकाम्या जागी शून्य भरण्याइतका घातक उपाय दुसरा नाही.

एकाच फंडाचे रकाने चार असतात, ही नवख्याला गोंधळात टाकणारी बाब आहे. वितरकामार्फत घेतलेला रेग्युलर प्लॅन आणि थेट फंडाकडून घेतलेला डायरेक्ट प्लॅन यांचे खर्च वेगळे, म्हणून त्यांच्या एनएव्हीही वेगळ्या. आणि या दोहोंत मिळकत फंडातच ठेवणारा ग्रोथ पर्याय व ती वाटून टाकणारा पर्याय अशी आणखी विभागणी होते. वाटप झाले की त्या पर्यायाची एनएव्ही तेवढ्याने उतरते आणि बाजारात काहीही न घडता आलेखावर पायरी पडल्यासारखी दिसते. म्हणून दीर्घ मुदतीच्या अभ्यासाला ग्रोथ पर्यायच घ्यावा लागतो. डायरेक्ट प्लॅन १ जानेवारी २०१३ पासून अस्तित्वात आले, तेव्हा मार्च २००० मध्ये सुरू झालेल्या यूटीआय निफ्टी इंडेक्स फंडाचा पूर्ण इतिहास पाहायचा झाल्यास रेग्युलर प्लॅनचाच रकाना वापरणे भाग आहे. २०१२ पर्यंत एक आणि पुढे दुसरा असे ठिगळ जोडले, की जोडाच्या जागी दोन भिन्न खर्चांच्या मालिका एकत्र येतात.

बाजारात समभागाप्रमाणे खरेदी-विक्री होणाऱ्या ईटीएफ प्रकारच्या फंडाबाबत आणखी एक अडचण उद्भवते. डिसेंबर २००१ मध्ये आलेला निफ्टी बीज हा भारतातील पहिला ईटीएफ असून त्याचे एक युनिट मुळात निफ्टीच्या सुमारे एक-दशांशाएवढे होते. डिसेंबर २०१९ मध्ये एका युनिटाची दहा युनिटे करण्यात आली, आणि दुरुस्ती न केलेल्या मालिकेत बाराशे रुपयांच्या पुढची किंमत एका रात्रीत तिच्या दहाव्या हिश्शावर आली. बाजार नव्वद टक्के कोसळल्याचा हा भास ओळखायला सोपा आहे, कारण तो अतिरेकी आहे. खरा धोका असतो तो एक-दोन टक्क्यांच्या, डोळ्यांना न खुपणाऱ्या फरकांचा.

अशा फरकांचे सर्वांत मोठे उगमस्थान खुद्द निर्देशांकात आहे. वृत्तपत्रांत रोज छापला जाणारा निफ्टीचा आकडा हा किंमत निर्देशांक असतो, म्हणजे त्यात पन्नास कंपन्यांच्या समभागांच्या किमती मोजल्या जातात, पण त्या कंपन्यांनी दिलेला लाभांश धरला जात नाही. फंडाच्या तिजोरीत मात्र तो लाभांश जमा होतो आणि पुन्हा गुंतवला जातो. लाभांश धरून काढलेल्या निर्देशांकाला एकूण परतावा निर्देशांक म्हणतात. हा फरक कसा वाढतो हे गृहीत आकड्यांवर पाहता येईल: किमती वर्षाला १० टक्क्यांनी वाढल्या आणि लाभांश सव्वा टक्का मिळाला, तर वीस वर्षांत एक लाखाचे लाभांशाविना सुमारे ६ लाख ७३ हजार, तर लाभांशासह सुमारे ८ लाख ४३ हजार होतात. फंडांनी आपली तुलना एकूण परतावा निर्देशांकाशीच करावी असे बंधन भांडवल बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने फेब्रुवारी २०१८ पासून घातले. त्याआधी लाभांश पोटात घेतलेल्या एनएव्हीची तुलना लाभांश वगळलेल्या निर्देशांकाशी करता येत असे, आणि खर्च कापूनही निर्देशांकाच्या पुढे धावणारा इंडेक्स फंड हा तर्काला न पटणारा चमत्कार कागदावर घडू शकत होता. योग्य मालिका शेजारी ठेवल्या की फंड थोडासा मागेच दिसतो. वर्षभरातील या पिछाडीला ट्रॅकिंग डिफरन्स म्हणतात, तर रोजच्या फरकांत किती चढउतार आहे हे दाखवणाऱ्या मापाला ट्रॅकिंग एरर. दीर्घकाळ गुंतवणूक ठेवणाऱ्यासाठी पहिले माप अधिक मोलाचे आहे, जरी फंडांच्या जाहिरातींना दुसरे अधिक प्रिय असले तरी.

मालिका शुद्ध झाल्यावर खरे वाचन सुरू होते, आणि तेथे पहिला प्रश्न एककाचा येतो. निफ्टी ८ जानेवारी २००८ रोजी ६,२८७.८५ वर बंद झाला होता व २७ ऑक्टोबर २००८ रोजी २,५२४.२० वर, ही घसरण ३,७६४ अंकांची. १४ जानेवारी २०२० च्या १२,३६२.३० वरून तो २३ मार्च रोजी ७,६१०.२५ वर आला, म्हणजे ४,७५२ अंकांनी घसरला. अंकांत दुसरी घसरण मोठी, पण टक्क्यांत पहिली साठाच्या जवळ आणि दुसरी अवघी अडतीसच्या आसपास. साध्या आलेखात जुनी पडझड तळाशी किरकोळ खळगा बनून राहते आणि अलीकडची दरीसारखी भासते. म्हणून उभ्या अक्षावर लॉग मोजपट्टी, म्हणजे समान टक्केवारीला समान उंची देणारी मोजपट्टी, वापरणे इष्ट ठरते. साठ टक्के गमावल्यावर मूळ जागी परतण्यासाठी दीडशे टक्के वाढ लागते, ही गोष्टही टक्केवारीच्या या असमानतेतूनच येते.

दुसरा प्रश्न आरंभबिंदूचा. वरच्या जानेवारी २००८ च्या शिखरापासून मोजले, तर दहा वर्षांनी निफ्टी १०,६०० च्या आसपास होता आणि लाभांश सोडून चक्रवाढ वार्षिक वाढ साडेपाच टक्क्यांच्या आतच भरते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरातील तळापासून मोजले, तर दहा वर्षांनी निर्देशांक १०,००० च्या घरात, म्हणजे आधीच्यापेक्षा किंचित खालीच होता, तरीही वार्षिक वाढ पंधरा टक्क्यांच्या जवळ जाते. अवघ्या साडेनऊ महिन्यांच्या अंतराने मोजायला सुरुवात केल्यास एकच निर्देशांक मुदतठेवीपेक्षा कमी आणि तिच्या दुपटीपेक्षा जास्त असे दोन्ही परतावे दाखवतो, आणि दोन्ही आकडे खरे असतात. यावरचा उपाय म्हणजे रोलिंग रिटर्न: रकान्यातील प्रत्येक दिवसापासून पुढच्या दहा वर्षांचा परतावा काढायचा आणि त्या हजारो उत्तरांचा पसारा, म्हणजे किमान, मध्य आणि कमाल, पाहायचा. मात्र लगतच्या दोन दिवसांपासूनचे दहा वर्षांचे काळ जवळजवळ एकच असल्याने ही हजारो उत्तरे परस्परांपासून स्वतंत्र नसतात. पंचवीस वर्षांच्या नोंदींत खऱ्या अर्थाने वेगळी अशी दहा वर्षे दोनदाच बसतात, आणि एवढ्याशा आधारावर संभाव्यतेच्या गोष्टी बोलणे हे धाडसच म्हणावे लागेल.

मालिकेच्या आत घटकही बदलत असतात. जानेवारी २००९ मध्ये सत्यम कॉम्प्युटर निफ्टीतून वगळली गेली आणि मार्च २०२० मध्ये येस बँक. जून २००९ पासून प्रवर्तकांकडील समभाग सोडून केवळ बाजारात फिरणाऱ्या समभागांच्या मूल्यावर भार ठरू लागला. अशा बदलाच्या वेळी, एकूण बाजारमूल्याला ज्याने भागून निर्देशांक काढतात तो भाजक बदलून आकड्यात उडी पडणार नाही याची काळजी घेतली जाते, म्हणून रकान्यावर याचा मागमूस उरत नाही. कंपनीच्या समभागाची तिला वगळण्याआधीची पडझड मात्र निर्देशांकात आणि फंडात पुरती उतरलेली असते.

शेवटी, सर्वच जुने आकडे जुन्या काळी लिहिलेले नसतात. निफ्टीची आधारतारीख ३ नोव्हेंबर १९९५ आणि आधारमूल्य १,००० असले तरी तो प्रत्यक्षात एप्रिल १९९६ मध्ये सुरू झाला, म्हणजे मागाहून मोजलेला काळ काही महिन्यांचाच आहे. निफ्टी २०० मोमेंटम ३० या निर्देशांकाची आधारतारीख १ एप्रिल २००५ असून तो ऑगस्ट २०२० मध्ये जाहीर झाला. मधल्या पंधरा वर्षांचे आकडे नियम ठरल्यानंतर जुन्या किमतींवर ते लावून काढलेले आहेत, आणि मागे वळून पाहता निकृष्ट ठरले असते असे नियम घेऊन निर्देशांक बाजारात आणण्याचा उत्साह सहसा कोणी दाखवत नाही. या निर्देशांकावर बेतलेल्या फंडांच्या माहितीपत्रकांत आलेख २००५ पासून काढता येतो, पण ॲम्फीच्या फाइलीत अशा फंडांची २०२१ पूर्वीची एकही ओळ सापडत नाही.