अंतराळाचे दप्तर

व्याख्यानमालेच्या चालकांनी या वर्षी आमच्याकडे विषय मागितला, तेव्हा किमान वेतनावर किंवा माथाडी कायद्यावर काही ऐकावयास मिळेल अशी त्यांची अपेक्षा होती. आम्ही ‘अंतराळयानांनी काढलेली छायाचित्रे’ हा विषय सांगितला, तेव्हा ते क्षणभर गप्प झाले. हमाल-मजुरांच्या युनियनचे काम करणाऱ्या माणसाने चंद्र-मंगळावर काय बोलावे, ही त्यांची शंका रास्तच होती. तेव्हा तिचे उत्तर आधी देतो.

आमचे शालेय शिक्षण नववीत थांबले. पुढचे जे झाले ते वाचनालयाच्या बाकावर आणि कामगारांच्या कागदांत. या कामात एक गोष्ट आम्ही पक्की शिकलो : ज्याच्या हाती दप्तर, त्याच्या हाती न्याय. एका रस्त्याच्या कामावर मजुरांची आठ आठवड्यांची मजुरी अडली होती. ठेकेदार म्हणाला, हजेरीपट गहाळ झाला आहे. ही माणसे कामावर होती याला पुरावा काय? पुरावा निघाला तो म्हाताऱ्या मुकादमाच्या पत्र्याच्या पेटीतून. रोजची हजेरी तो आपल्या वहीतही उतरून ठेवीत असे. ती वही पुढे आली आणि मजुरी मिळाली. ती नसती तर आठ आठवड्यांचा घाम जणू कधी गळलाच नव्हता असे ठरले असते.

मराठवाड्याला तर हे समजावून सांगण्याची गरजच नाही. २०२३ साली निजामकाळच्या नोंदी शोधण्यासाठी कचेऱ्यांतले उर्दू आणि मोडी कागद पुन्हा बाहेर निघाले, तेव्हा जुन्या कागदावरील एका ओळीला काय मोल असते हे आपल्या घराघरांत कळले. नोंद सरकारी असली तरी ती आपली असते, आणि ती वाचता आली तरच आपल्या उपयोगाची ठरते. आज आम्ही ज्या दप्तराविषयी बोलणार आहोत, त्याची गोष्टही हीच आहे.

बंगळूरजवळ ब्यालालू नावाचे एक खेडे आहे. तेथे १८ मीटर आणि ३२ मीटर व्यासाच्या दोन प्रचंड थाळ्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. चंद्राकडे आणि मंगळाकडे गेलेल्या आपल्या यानांचे क्षीण संदेश या थाळ्या झेलतात. त्यांच्या शेजारीच भारतीय अंतराळ विज्ञान विदा केंद्र आहे. ‘विदा’ म्हणजे यंत्रांनी पाठविलेली मोजमापे व नोंदी. हे केंद्र म्हणजे आपल्या अंतराळाचे रेकॉर्ड-रूमच. २००८ च्या चांद्रयान-१ पासून मंगळयान, ॲस्ट्रोसॅट, चांद्रयान-२, चांद्रयान-३ आणि आदित्य-एल१ यांनी जे जे पाहिले, ते येथे नोंदून ठेविलेले आहे. उपकरणे बनविणाऱ्या शास्त्रज्ञांना अभ्यासासाठी काही मुदत मिळते; ती संपली की दप्तर सर्वांना खुले होते. ज्या खिडकीतून ते मिळते तिचे नावही समर्पक आहे : ‘प्रदान’. इंटरनेटवर जाऊन आपले नाव नोंदवावे लागते, एवढीच अट. चांद्रयान-३ ची विदा २३ ऑगस्ट २०२४ रोजी, म्हणजे पहिल्या राष्ट्रीय अंतराळ दिनी, अशीच खुली झाली.

या दप्तरात महाराष्ट्राच्या हातचेही काम आहे. आदित्य-एल१ हे यान २ सप्टेंबर २०२३ रोजी उडाले. त्यावरील ‘सूट’ नावाची दुर्बीण पुण्याच्या ‘आयुका’ या संस्थेने इस्रोच्या साहाय्याने घडविली. सूर्याचे संपूर्ण बिंब ती जंबुपार किरणांत टिपते. हे किरण आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत, आणि त्यांतील बरेचसे वातावरणातच अडतात, म्हणून दुर्बीण वर न्यावी लागली. पुण्यात घडलेल्या दुर्बिणीने टिपलेला सूर्य धाराशिवच्या मुलाला घरबसल्या पाहावयास मिळतो, आणि त्यासाठी कोणाची शिफारस लागत नाही.

अमेरिकेच्या नासा या संस्थेचे दप्तर तर याहून कितीतरी मोठे आहे. त्या देशाच्या कायद्याप्रमाणे सरकारी नोकराने कामाचा भाग म्हणून काढलेल्या चित्रावर तेथे स्वामित्वहक्क राहत नाही. त्यामुळे नासाची बहुतेक छायाचित्रे व चित्रफिती कोणालाही पाहता, उतरविता आणि छापता येतात. १९६९ ते १९७२ या काळात चंद्रावर उतरलेल्या अपोलो यात्रींनी फिल्मवर काढलेली हजारो छायाचित्रे तेथे आहेत. मंगळावर फिरणाऱ्या क्युरिऑसिटी आणि पर्सिव्हिअरन्स या गाड्यांची चित्रे तर पृथ्वीवर पोचल्यावर थोड्याच वेळात, काही संस्कार न करता, जशीच्या तशी मांडली जातात.

आता कोणी म्हणेल, चित्रे आहेत हे ठीक; आम्ही ती पाहून काय करणार? मौज अशी की ही चित्रे नुसती पाहावयाची नसतात, वाचावयाची असतात. मोडी जशी थोड्या सरावाने येते, तसेच हेही येते.

पहिला धडा असा. यान फिल्म पाठवीत नाही, आकडे पाठविते. चित्राचे लक्षावधी ठिपके असतात, आणि प्रत्येक ठिपक्यावर किती उजेड पडला त्याचा एक आकडा असतो. या कच्च्या आकड्यांत कॅमेऱ्याचे दोषही मिसळलेले असतात. ते काढून टाकले की पक्के चित्र होते. हजेरीपट कच्चा आणि पगारपत्रक पक्के, तसेच हे. वाद उपस्थित झाला की आपण हजेरीपट मागतो. शास्त्रज्ञही कच्ची विदा मागतात. म्हणून दप्तरात दोन्ही ठेवावी लागतात.

दुसरा धडा चिठ्ठीचा. प्रत्येक चित्रासोबत एक चिठ्ठी असते : तारीख, वेळ, कोणता कॅमेरा, यान किती उंचीवर होते, सूर्य क्षितिजापासून किती अंश वर होता, आणि एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे किती अंतर. चांद्रयान-२ च्या सर्वांत तीक्ष्ण कॅमेऱ्यात एक ठिपका सुमारे २५ सेंटिमीटरचा, म्हणजे वीतभरापेक्षा थोडा मोठा असतो. समजा, चंद्रावरील एका दगडाची सावली चित्रात ८ ठिपके लांब दिसते. म्हणजे सावली २ मीटरची झाली. सूर्य ४५ अंशांवर असेल तर सावली वस्तूच्या उंचीइतकी पडते. २७ अंशांच्या सुमारास असेल तर दुप्पट पडते. तेव्हा चिठ्ठीत २७ अंश लिहिले असेल, तर दगड सुमारे १ मीटर उंच. सुमारे पावणेचार लक्ष किलोमीटरांवरील दगड आपण सावलीवरून मोजला! आपल्या आजोबांनी अंगणातील सावलीवरून वेळ ओळखली, त्याच जातीचे हे ज्ञान आहे.

तिसरा धडा सावधगिरीचा. चंद्राचे चित्र पाहताना पुष्कळदा खड्डा हा उंचवटा भासतो. उजेड वरून येतो अशी डोळ्यांची सवय असते, त्यामुळे हा चकवा होतो. सूर्य कोणत्या दिशेला आहे ते चिठ्ठीत पाहावे आणि चित्र उलटे करून पाहावे, म्हणजे भ्रम जातो. ज्याने बुलढाणा जिल्ह्यातील लोणार पाहिले आहे, त्याला विवराची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा तो खड्डा अशनीच्या आघाताने काळ्या पाषाणात पडला आहे. चंद्रावर जे काळे डाग आपल्याला दिसतात, तेही बेसाल्टच आहेत. आपल्या बालाघाटाच्या काळ्या दगडाचे ते दूरचे भाऊबंद.

असे वाचन सामान्य माणूस करू शकतो का? याला एक घडलेला दाखला आहे. ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे चांद्रयान-२ चा विक्रम हा अवतरक चंद्रावर आदळला. पुढे नासाने आपल्या चांद्रयानाने काढलेली त्या भागाची चित्रे सर्वांसाठी खुली केली. चेन्नईचे षण्मुग सुब्रमणियन या अभियंत्याने घरी बसून आदळण्यापूर्वीचे आणि नंतरचे चित्र शेजारी ठेवून ठिपक्यामागून ठिपका ताडून पाहिला. अवकाश-संशोधन हा त्यांचा व्यवसाय नव्हता. पूर्वी नसलेला एक उजळ ठिपका त्यांना आढळला आणि त्यांनी तो नासाला कळविला. तो विक्रमचाच तुकडा निघाला, आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात नासाने त्यांचे नाव घेऊन श्रेय दिले. त्यांच्याजवळ खास यंत्र नव्हते. खुले दप्तर होते आणि चिकाटी होती.

यान बंद पडले तरी त्याचे दप्तर काम करीत राहते. चांद्रयान-१ चा संपर्क ऑगस्ट २००९ मध्ये तुटला. त्यावर नासाचे एक उपकरण बसविले होते. त्याने जमविलेली विदा पुन्हा तपासून शास्त्रज्ञांनी २०१८ साली चंद्राच्या ध्रुवांजवळ पृष्ठभागावर बर्फ असल्याचा थेट पुरावा मांडला. यान मुके होऊन नऊ वर्षे झाली होती, आणि त्याची साक्ष त्यानंतर झाली.

पण दप्तर आपोआप टिकत नाही. माणूस चंद्रावर प्रथम उतरला त्या २० जुलै १९६९ च्या मूळ फिती, ज्यांत सर्वांत स्पष्ट चित्रण होते, त्या आज नाहीत. पुढे फितींची टंचाई पडली तेव्हा त्या बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, असा निष्कर्ष २००९ साली नासाला काढावा लागला. दूरदर्शनवर दाखविलेल्या चित्रणाच्या प्रती होत्या, म्हणून त्यांवरूनच डागडुजी करावी लागली. याच्या उलट गोष्ट १९६६-६७ च्या लूनर ऑर्बिटर यानांची. त्यांच्या सुमारे पंधराशे फिती मोडीत निघावयाच्या होत्या. नॅन्सी इव्हान्स या अभिलेखपाल बाईंनी त्या टाकून देण्यास नकार दिला आणि त्या वाचविणारी जुनी यंत्रे वर्षानुवर्षे स्वतःच्या घरी सांभाळली. २००८ साली काही मंडळींनी कॅलिफोर्नियातील एका बंद पडलेल्या खानावळीत ती यंत्रे दुरुस्त केली. पहिले चित्र निघाले ते चंद्राजवळून दिसणाऱ्या पृथ्वीचे, २३ ऑगस्ट १९६६ रोजी टिपलेले. आमच्या मुकादमाची पत्र्याची पेटी आणि या बाईंचे घर, यांत आम्हांस फारसा फरक दिसत नाही.

दप्तराचा आणखी एक उपयोग आजच्या काळात फार मोठा आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी सायंकाळी चांद्रयान-३ उतरले आणि गावोगाव आनंद झाला. त्याच दिवसांत एक चित्र मोबाइलवरून घरोघर फिरले : चंद्राच्या मातीत अशोकस्तंभाचा ठळक ठसा. गाडीच्या चाकावर ते चिन्ह कोरलेले होते हे खरे. परंतु ते चित्र मात्र एका कलावंताची कल्पना होती. आम्हीही ते दहा जणांना पाठविले, हे येथे कबूल केले पाहिजे. मूळ दप्तर पाहिले असते तर फसलो नसतो. आणि खरी चित्रे काही कमी रोमांचक नाहीत. प्रज्ञान गाडी उतरणीवरून हळूच खाली येते, ती चित्रफीत पाहावी. सेकंदाला एक सेंटिमीटर हा तिचा वेग. पुढे चार मीटरचा खड्डा दिसला तेव्हा तिला माघारी वळविले, त्याची चित्रे पाहावी. ३ सप्टेंबरला विक्रमने सुमारे ४० सेंटिमीटर उडी मारून पुन्हा पाय टेकले, तेही पाहावे. खोट्याची गरजच काय?

ज्याला चंद्राची गोडी नसेल त्याने आपल्या जिल्ह्यापासून सुरुवात करावी. लँडसॅट या उपग्रहमालेची १९७२ पासूनची पृथ्वीची चित्रे २००८ साली विनामूल्य खुली झाली. इस्रोचे ‘भुवन’ २००९ पासून चालू आहे. कळंब-केजच्या सीमेवरील मांजरा धरणाचे २०१६ च्या एप्रिलमधील चित्र काढावे. त्याच महिन्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. त्याच्या शेजारी त्याच वर्षीच्या पावसाळ्यानंतरचे चित्र ठेवावे. पाणी किती आटले, किती आले, कोणत्या शिवारात हिरवे काय होते, हे कोणाच्या भाषणावरून ठरवावे लागणार नाही. तारीख घातलेला कागद समोर असेल.

चांद्रयान-३ ला सुमारे ६१५ कोटी रुपये लागले. काडीपेटीपासून सिमेंटपर्यंत प्रत्येक वस्तूवर कर भरणाऱ्या माणसाचा त्यात वाटा आहे. आमच्या हमालाचा आहे, ऊस तोडणाऱ्या बाईचाही आहे. म्हणून हे दप्तर उघडून पाहणे ही चैन नव्हे. आपण ज्याचे पैसे भरले, त्याचा हिशेब पाहण्याचाच हा प्रकार आहे. अडचण आहे ती भाषेची. चिठ्ठ्या इंग्रजीत असतात. निजामाच्या काळी आपल्या आजोबांपुढे उर्दू कागदाचीच अडचण होती, आणि कागद वाचून दाखविणाऱ्याच्या हातात त्यांची जमीन होती.

म्हणून आमची सूचना साधी आहे. वाचनालयात एक संगणक असतो. आठवड्यातून एक संध्याकाळ त्यावर एकच चित्र लावावे. शाळेतल्या मुलामुलींनी त्याची चिठ्ठी मराठीत उतरावी : तारीख, ठिकाण, सूर्य कोठे, ठिपका केवढा. ती वहीत लिहावी आणि वही कपाटात ठेवावी. वर्षाला बावन्न चित्रे होतील. पुढल्या वसंतात या व्यासपीठावर आमच्याऐवजी त्यांतल्याच एखाद्या मुलीने उभे राहून बोलावे, अशी आमची इच्छा आहे; आम्ही पहिल्या रांगेत ऐकावयास बसू.