निगेटिव्ह हाच मूळ दस्त

पेढीच्या जुन्या वह्या आपण जपतो, खरेदीखते तिजोरीत ठेवतो. मात्र त्याच घरातील निगेटिव्हच्या पट्ट्या निरुपयोगी समजून रद्दीत जातात. ही पट्टी म्हणजे नेमके काय, हे एकदा उमगले तर ती टाकण्यास कोणाचा हात धजणार नाही.

फिल्म म्हणजे बहुधा सेल्युलोज ॲसिटेटची पारदर्शक पट्टी. तिच्यावरील जिलेटिनच्या पातळ थरात सिल्व्हर ब्रोमाइडसारख्या चांदीच्या संयुगाचे अतिसूक्ष्म स्फटिक विखुरलेले असतात. जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून व कातड्यापासून काढतात, हेही अहिंसेचे व्रत पाळणाऱ्या वाचकांना ठाऊक असावे.

कॅमेऱ्याचे शटर क्षणभर उघडते. भिंगातून आलेला प्रकाश ज्या स्फटिकावर पडतो, त्यात चांदीचे मोजके अणू तयार होतात. चित्र उमटलेले असते, पण सुप्त. डोळ्यांना ते दिसत नाही. अंधाऱ्या खोलीत फिल्म डेव्हलपरमध्ये बुडविली, की प्रकाश लागलेल्या स्फटिकांचे चांदीत रूपांतर होते. ही सूक्ष्मकणी चांदी काळी दिसते. म्हणून पांढरा सदरा निगेटिव्हवर काळा, तर काळे केस पारदर्शक दिसतात. उरलेले स्फटिक ‘हायपो’च्या द्रावणात विरघळून जातात. हायपोचा हा गुण इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८१९ मध्ये नोंदविला होता. १८३९ पासून तो छायाचित्र टिकविण्याच्या कामी आला. वापरलेल्या हायपोतून चांदी परत मिळविता येते, हे व्यापारी मनाला विशेष वाटेल.

निगेटिव्हमधून कागदावर प्रकाश पाडला, की काळ्याचे पुन्हा पांढरे होते व फोटो मिळतो. म्हणजे अल्बममधील फोटो ही नक्कल. मूळ दस्त निगेटिव्ह. फोटो फाटला, विटला, तरी निगेटिव्हवरून नवा काढता येतो. निगेटिव्ह गेले, की तो आधार संपला.

रंगीत फिल्ममध्ये तीन रंगांसाठी वेगवेगळे थर असतात. धुलाईत त्यांतील चांदी काढून टाकली जाते आणि केवळ रंगद्रव्ये उरतात. ती काळाबरोबर फिकी पडतात; म्हणून रंगीत निगेटिव्ह आधी स्कॅन करून घ्यावीत.

जपणूक अवघड नाही. पट्टी कडेने धरावी, कागदी पाकिटात ठेवावी, पाकिटावर साल व प्रसंग लिहावा. पावसाळी दमटपणात जिलेटिनवर बुरशी धरते आणि पत्र्याखालच्या माळ्यावरील उष्णताही घातक. जागा कोरडी व थंड हवी. व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर ॲसिटेट कुजू लागले असे समजून ती पट्टी इतरांपासून वेगळी करावी व लगेच स्कॅन करावी. स्कॅन झाले तरी मूळ पट्टी टाकू नये; नक्कल हाती आली म्हणून मूळ दस्त कोणी फाडत नाही.