औषधाचा निचरा आणि यकृताचे गणित

‘एक गोळी दिवसातून तीन वेळा’ असे डॉक्टर लिहून देतात. तीनच का? दिवसभराच्या गोळ्या सकाळी एकदम घेतल्या तर? आणि शेजाऱ्याला जी मात्रा सोसते, ती आपल्याला का सोसत नाही? या प्रश्नांचे उत्तर बऱ्याच अंशी उजव्या बरगड्यांखालच्या यकृतात आहे.

गोळीतील औषध आतड्यातून रक्तात उतरते. काही औषधे मूत्रपिंडे जशीच्या तशी लघवीवाटे बाहेर टाकतात. पण अनेक औषधांची आधी यकृतात मोडतोड व्हावी लागते. हे काम तेथील विकरे, म्हणजेच एन्झाइम्स करतात. त्यांतील सर्वांत महत्त्वाचा गट ‘सायटोक्रोम पी-४५०’ या नावाने ओळखला जातो.

पाण्याच्या टाकीला वरून नळ आणि खाली तोटी असावी, तसा हा प्रकार आहे. गोळी म्हणजे नळ, यकृत म्हणजे तोटी. तोटी जोरात वाहत असेल तर औषध टिकत नाही. ती तुंबली तर टाकी भरून वाहते, म्हणजे नेहमीच्या मात्रेचीही विषबाधा होते.

परीक्षानळीतील यकृत

नवे औषध माणसाला देण्यापूर्वी ही तोटी किती वेगाने वाहील हे कसे कळणार? केवळ प्राण्यांवरील प्रयोग पुरत नाहीत. आपण तापावर घेतो ते पॅरासिटामॉल मांजराला विषासमान ठरते, कारण ते निकामी करणारे विकर मांजरात फारच तोकडे असते.

म्हणून शास्त्रज्ञ मानवी यकृताच्याच पेशी वापरतात. दान केलेले पण रोपणास न चाललेले यकृत किंवा शस्त्रक्रियेत काढलेला तुकडा यासाठी उपयोगी पडतो. पेशी औषधासह शरीराच्या तापमानाला, ३७ अंशांवर ठेवतात आणि ठरावीक मिनिटांनी किती औषध उरले ते मोजतात. मग गुणाकार. एका ग्रॅम यकृतात सुमारे १२ कोटी पेशी असतात आणि प्रौढाचे यकृत साधारण दीड किलोचे असते. मात्र यकृताकडे मिनिटाला सुमारे दीड लिटरच रक्त येते. विकरे कितीही तत्पर असली तरी त्याहून अधिक रक्त ती साफ करू शकत नाहीत. रक्तातील प्रथिनांना चिकटून राहिलेले औषधही हिशेबात धरावे लागते. राने, विल्किन्सन व शँड यांनी १९७७ साली उंदरांच्या यकृतावर हे गणित जुळते असे दाखवून दिले.

अर्थात हा अंदाजच. पुष्कळदा तो प्रत्यक्ष निचऱ्यापेक्षा कमी निघतो. म्हणून माणसांवरील पहिली चाचणी अगदी लहान मात्रेने सुरू करतात.

एका औषधाने दिलेला धडा

टर्फेनाडीन हे ॲलर्जीवरचे, झोप न आणणारे औषध एके काळी फार खपत असे. १९९० साली अमेरिकेतील एका ३९ वर्षांच्या स्त्रीची नोंद प्रसिद्ध झाली. टर्फेनाडीनबरोबर कीटोकोनाझोल हे बुरशीनाशक औषध घेतल्यावर तिच्या हृदयाची लय धोकादायकरीत्या बिघडली होती. मानवी यकृतावरील प्रयोगांतून कारण स्पष्ट झाले. टर्फेनाडीन मोडणारे विकरच कीटोकोनाझोलने अडवले जात होते. १९९८ साली टर्फेनाडीन अमेरिकेच्या बाजारातून गेले. त्याच्या जागी फेक्सोफेनाडीन आले. टर्फेनाडीनपासून यकृतातच तयार होणारे हे गुणकारी द्रव्य हृदयाला तसा अपाय करीत नाही. आता नव्या औषधांची अशी परीक्षा आधीच परीक्षानळीत घेतली जाते.

प्रत्येकाचे यकृत वेगळे

प्रयोगशाळेतील आकडा सरासरीचा असतो. रुग्ण सरासरीचा नसतो. क्षयरोगावरील आयसोनियाझिड काहींच्या शरीरातून झपाट्याने जाते, तर काहींच्या रेंगाळते, आणि हा फरक जन्मजात असतो. रेंगाळणाऱ्यांना हातापायांना मुंग्या येण्याचा त्रास अधिक होतो. त्यासाठी ब-६ जीवनसत्त्वाची गोळी देतात.

तेव्हा वाचकांनी एवढे लक्षात ठेवावे :

१. डॉक्टरांकडे जाताना सुरू असलेली सर्व औषधे सांगावीत. काढे, चूर्णे व दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्याही त्यात आल्या.

२. क्षयावरील रिफाम्पिसिन विकरांचा वेग वाढवते. त्यामुळे गर्भनिरोधक गोळ्या निष्प्रभ ठरू शकतात. स्त्रियांनी हे डॉक्टरांशी संकोच न करता बोलावे.

३. कावीळ, यकृताचा जुना विकार किंवा दारूची सवय असल्यास ती लपवू नये.

४. शेजाऱ्याची चिठ्ठी आपल्यासाठी वापरू नये. मात्रा मनाने वाढवू नये, तसेच औषध मनाने बंदही करू नये.