मशेरी : दात घासण्याची सवय की तंबाखूचे व्यसन?

तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, बारीक कुटायची, झाली मशेरी. महाराष्ट्रातील अनेक घरांत बायका तिने दात घासतात. त्यामुळे दवाखान्यात विचारले, तर ‘मी तंबाखू खात नाही’ असे त्या मनापासून सांगतात. पण भाजल्याने निकोटिन संपत नाही. ते हिरड्यांतून रक्तात जाते. म्हणूनच सकाळी एकदा लावणारीला पुढे दुपारी, रात्रीही तलफ येते. मशेरी न लावल्यास डोके दुखणे, पोट साफ न होणे, चिडचिड ही व्यसनाचीच लक्षणे. अशा तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो. गरोदरपणी बाळाचे वजन कमी भरण्याचा धोका असतो. म्हणून डॉक्टरांना मशेरीबद्दल जरूर सांगा. सोडायची असल्यास १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर मोफत समुपदेशन मिळते.